डाउनव्होट कधी द्यावा, कसा द्यावा आणि कधी मागे घ्यावा

प्रश्नोत्तरांच्या एखाद्या समुदायात कुणीतरी विचारतं, ‘बाथरूमच्या टाइल्सवरचे पिवळे डाग जात नाहीत, काय करू?’ खाली एक उत्तर येतं. पहिल्या दोन पायऱ्या ठीक आहेत. तिसरी अशी: ‘ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर निम्मं-निम्मं मिसळून डागांवर ओता, पंधरा मिनिटं ठेवा.’ भाषा ठाम आहे, फोटोही जोडलाय, आणि दोन अपव्होट, म्हणजे पसंतीची मतं, पडलेले आहेत.

ब्लीचमध्ये सहसा सोडियम हायपोक्लोराइट असतं. बऱ्याच टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो फुप्फुसांना इजा करतो. डाउनव्होटचं, म्हणजे नापसंतीच्या उणे मताचं, बटण नेमकं अशा वेळेसाठी असतं. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला होता का, तो जुना सदस्य आहे की नवा, मागे कधी तुमचं-त्याचं वाजलं होतं का, या कशाचाही इथे संबंध नाही. उद्या हे उत्तर वाचून जो बादली घेऊन बाथरूममध्ये जाणार आहे, त्याच्यासाठी ते मत आहे.

निगेटिव्ह फीडबॅक हा असा तिसऱ्या माणसासाठी असतो. पुढच्या सगळ्या सूचना याच एका गोष्टीतून निघतात.

आधी आपल्या समुदायाचे नियम वाचा

उणे मताची किंमत प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. ती माहीत नसताना बटण दाबणं म्हणजे काटा न बघता वजन टाकणं. मदतीच्या पानावर पाच गोष्टी शोधून ठेवा: लिहिणाऱ्याचे किती गुण जातात, तुमचे स्वतःचे जातात का, मत कुणाकुणाला दिसतं, किती वेळात ते मागे घेता येतं, आणि स्कोअर खाली गेला की मजकुराचं काय होतं.

स्टॅक ओव्हरफ्लोचं उदाहरण घेऊ, कारण तिथले नियम उघड आणि आकड्यांत मांडलेले आहेत. २००८ मध्ये सुरू झालेल्या या प्रोग्रॅमिंगच्या समुदायात अपव्होट द्यायला १५ गुण लागतात, डाउनव्होट द्यायला १२५. म्हणजे नवख्याच्या हातात आधी कौतुक करायचं साधन येतं आणि तिथली रीत कळल्यावरच नापसंतीचं. अपव्होटने लिहिणाऱ्याला १० गुण मिळतात, डाउनव्होटने २ जातात. उत्तराला डाउनव्होट दिलात तर तुमचाही १ गुण जातो. प्रश्नाला दिलात तर जात नाही. ते चुकीचं उत्तर पुढे डिलीट झालं, तर दोघांचे गेलेले गुण परत येतात. कुणाचंही रेप्युटेशन, म्हणजे एकूण गुण, १ च्या खाली उतरत नाही.

या आकड्यांमागे विचार आहे. १० विरुद्ध २ असं प्रमाण असल्यामुळे एका अपव्होटने पाच डाउनव्होटची भरपाई होते, म्हणून एखाद-दुसऱ्या उणे मताने कुणाचं खातं बुडत नाही. पण पोस्टच्या स्कोअरमध्ये दोघांचं वजन सारखंच, अधिक एक किंवा उणे एक. वाचकाला दिसतो तो हाच स्कोअर. म्हणजे माणसाचं नुकसान कमीत कमी आणि मजकुरावरची खूण पुरेशी ठळक, अशी ती मांडणी आहे. तुमच्या समुदायाचे आकडे वेगळे असतील, पण ते याच नजरेने वाचा.

तिथे बटणावर माउस नेला की अर्थही लिहिलेला दिसतो. उत्तरासाठी ‘हे उत्तर उपयोगाचं नाही’, प्रश्नासाठी ‘शोधाशोध केलेली दिसत नाही, प्रश्न अस्पष्ट आहे किंवा उपयोगाचा नाही’ अशा आशयाचा मजकूर येतो. ‘मला पटलं नाही’ असं कुठेही नाही. रेडिट या चर्चास्थळाच्या शिष्टाचारातही हेच सांगितलेलं आहे: मजकूर चर्चेत भर घालत नसेल तर डाउनव्होट द्या, केवळ असहमत आहात म्हणून देऊ नका. रोजच्या वापरात सगळ्यात जास्त मोडला जाणारा नियमही हाच.

हॅकर न्यूज या तंत्रज्ञानाच्या चर्चास्थळावर ठराविक कर्मा, म्हणजे तिथले गुण, जमल्याशिवाय डाउनव्होटचा बाण दिसतच नाही, आणि उणे मतं पडत गेली की कॉमेंटची अक्षरं फिकी होत जातात. स्लॅशडॉट या तंत्रज्ञानाच्या बातम्यांच्या संकेतस्थळावर नुसतं ‘उणे’ देता येत नाही. ऑफटॉपिक (विषयाबाहेरचं), फ्लेमबेट (भडकाऊ), ट्रोल (मुद्दाम खोडी काढणारं), रिडंडंट (पुनरुक्ती), ओव्हररेटेड (लायकीपेक्षा वर गेलेलं) यांतलं एक कारण निवडावं लागतं. स्कोअर उणे १ ते ५ या पट्ट्यातच राहतो. शिवाय ज्या चर्चेत तुम्ही गुण दिलेत तिथेच नंतर स्वतः लिहिलंत, तर तुम्ही दिलेले गुण रद्द होतात. आमच्या मते आजवरच्या नियमांत हा सगळ्यात शहाणा. खेळाडूने पंचाची शिट्टी हातात घेऊ नये, इतकं साधं त्यात आहे. तुमच्या समुदायात तो नियम नसला तरी स्वतःपुरता पाळता येतो: ज्या धाग्यात तुम्ही वाद घालताय, तिथल्या समोरच्या पक्षाला डाउनव्होट द्यायचा नाही.

यूट्यूबने नोव्हेंबर २०२१ पासून डिसलाइकचा आकडा लोकांना दाखवणं बंद केलं. बटण आहे, पण दुसऱ्या प्रेक्षकाला त्यातून काही कळत नाही. जिथे आकडा लपलेला असतो, तिथे धोक्याची सूचना द्यायची असेल तर ती शब्दांत, कॉमेंटमध्येच द्यावी लागते.

एक मत कुणावर किती जड पडतं

काही ठिकाणी, विशेषतः खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळांवर, रेटिंग टक्क्यांत किंवा सरासरीत दाखवतात. तिथे एकाच निगेटिव्हचा भार खात्यागणिक बदलतो. दहा व्यवहारांत एक निगेटिव्ह आला तर ९० टक्के, पन्नासात एक आला तर ९८, हजारात एक आला तर ९९.९.

क्रमवारी लावताना काही संकेतस्थळं साधी टक्केवारी न घेता विल्सन स्कोअरची खालची मर्यादा धरतात. मतं कमी असतील तर आकड्यावर कमी विश्वास ठेवायचा, अशी ही पद्धत. ९५ टक्के विश्वासपातळीने हिशेब केला तर १० पैकी १० मतं चांगली असणाऱ्याचा आकडा साधारण ७२ येतो. त्यातलं एकच निगेटिव्ह झालं की तो ६० वर घसरतो. १०० पैकी १०० चांगली असणाऱ्याचा आकडा ९६ येतो आणि एका निगेटिव्हने तो ९४.५ च्या आसपास उतरतो. मत तेच, पण नवख्याचे बारा अंक गेले आणि जुन्याचे दोनही गेले नाहीत.

म्हणून नवं खातं समोर असताना निगेटिव्ह द्यायचा नाही असं नाही. फसवणूक नवी खातीही करतात, किंबहुना नव्या खात्यांवरूनच जास्त सोपी जाते. पण तिथे आधी एक संदेश पाठवून विचारायचं, पुरावा दोनदा बघायचा, आणि चूक नजरचुकीची वाटत असेल तर न्यूट्रलवर, म्हणजे ना चांगलं ना वाईट अशा मतावर, थांबायचं. जुन्या, हजारो व्यवहार झालेल्या खात्याच्या बाबतीत उलट चूक होते. ‘एवढ्या मोठ्या खात्याला माझ्या एका मताने काय होणार’ म्हणून लोक गप्प बसतात, आणि बिघडत चाललेलं काम महिनोन्‌महिने आकड्यात दिसतच नाही.

डाउनव्होट, फ्लॅग, दुरुस्ती की काहीच नाही

चुकीचं हत्यार उचलणं ही दुसरी मोठी चूक. स्पॅम दिसला की लोक डाउनव्होट देऊन पुढे जातात. त्याने स्पॅम हटत नाही, नुसता खाली सरकतो. जाहिरात, शिवीगाळ, धमकी, कुणाचा फोन नंबर किंवा पत्ता उघड करणं, या सगळ्यासाठी फ्लॅग किंवा रिपोर्ट असतो, कारण तिथे मजकूर काढून टाकायचा असतो आणि तो अधिकार मॉडरेटरकडे, म्हणजे समुदाय सांभाळणाऱ्याकडे, असतो. उलट, तांत्रिकदृष्ट्या चुकीच्या उत्तराला फ्लॅग करून उपयोग नाही. मॉडरेटर प्रत्येक विषयाचा जाणकार नसतो, आणि उत्तर बरोबर की चूक हे ठरवणं बहुतेक ठिकाणी त्याचं कामही नसतं. ते काम मतांचं.

मजकूर बरोबर आहे पण मांडणी विस्कटलेली आहे, कोड नीट रकान्यात नाही, शीर्षकात नुसतं ‘मदत करा’ आहे: अशा ठिकाणी तुम्हाला संपादनाचा अधिकार असेल तर दोन मिनिटांत दुरुस्त करून टाका. नसेल तर कॉमेंटमध्ये सांगा. विकिपीडियावर नवख्यांना ‘चावू नका’ अशी मार्गदर्शक सूचनाच आहे, आणि तिचा रोख इथेच आहे. माणसाला रीत माहीत नसणं वेगळं आणि त्याने लिहिलेलं खोटं असणं वेगळं.

जुन्या पोस्टची गोष्ट निराळी. दहा वर्षांपूर्वी बरोबर असलेलं उत्तर आज लागू नसेल, तर लिहिणाऱ्याची चूक नाही, पण आजच्या वाचकाची दिशाभूल तर होतेच. आम्ही इथे आधी कॉमेंट टाकावी असं म्हणू: ‘हे अमुक आवृत्तीपर्यंत चालत होतं, आता हा पर्याय काढून टाकला आहे.’ जमलं तर स्वतः नवं उत्तर लिहावं आणि त्याचा दुवा तिथे द्यावा. जुनं उत्तर चालवून बघणाऱ्याचं नुकसान होणार असेल, म्हणजे डेटा पुसला जाणार किंवा सुरक्षेला भोक पडणार असेल, तरच डाउनव्होट. सर्व्हरवर परवानगीची अडचण आली की ‘सीएचमॉड ७७७ करा’ (फाइलच्या परवानग्या बदलणारी आज्ञा) असं सांगणारी उत्तरं याच जातीची. त्याने अडचण लगेच सुटते, पण त्या फाइलवर मशीनवरच्या प्रत्येक वापरकर्त्याला लिहिण्याची मुभा मिळते, आणि हे उत्तरात कुठेच सांगितलेलं नसतं. असं उत्तर ‘चालतं’ म्हणून त्याला अपव्होट पडत राहतात. तिथे उणे मत लागतं आणि सोबत कारणही.

मत वेगळं असेल, शैली आवडली नसेल, लिहिणारा माणूस आवडत नसेल: काहीच दाबायचं नाही.

द्यायचं ठरलं तर

पोस्ट शेवटपर्यंत वाचा. हे सांगायची वेळ येते, कारण पहिल्या ओळीत खटकलेली गोष्ट बऱ्याचदा चौथ्या परिच्छेदात लिहिणाऱ्याने स्वतःच निस्तरलेली असते. मग संपादनाची तारीख बघा. खालच्या कॉमेंट एका वर्षापूर्वीच्या आणि पोस्ट कालच दुरुस्त झालेली असेल, तर त्या कॉमेंटवर विसंबून मत देऊ नका.

त्यानंतर ज्या दाव्यावर आक्षेप आहे तो तपासा. कोड असेल तर चालवून बघा, आकडा असेल तर मूळ ठिकाणी जाऊन बघा. ‘मला वाटतं हे चूक आहे’ इतकंच हाती असेल, तर डाउनव्होट नको; प्रश्न विचारा. ‘तिसऱ्या पायरीतला मिश्रणाचा भाग कुठून घेतलात?’ या एका वाक्याने निम्मे वाद तिथेच मिटतात, कारण एकतर लिहिणारा आधार देतो किंवा स्वतःच चूक बघतो.

आता कारण लिहिण्याबद्दल. मताबरोबर कॉमेंट सक्तीची असावी का यावर जुना वाद आहे. स्टॅक ओव्हरफ्लोवर ती सक्तीची नाही, आणि त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे: कारण लिहिणाऱ्यालाच घेरलं जातं, त्याच्या जुन्या पोस्ट शोधून सूड उगवला जातो. त्यामुळे गुप्त डाउनव्होट हा भ्याडपणा नव्हे. पण चूक दुरुस्त होण्यासारखी असेल आणि तिथे आधी कुणी ती सांगितलेली नसेल, तर लिहा. आधीच कुणी नेमकं लिहिलं असेल तर तीच कॉमेंट वर ढकला, दुसरी लिहू नका. एकाच चुकीवर सहा जणांनी सहा कॉमेंट टाकल्या की सुधारणा बाजूला राहते आणि माणूस कोपऱ्यात सापडतो.

कॉमेंटमध्ये तीन गोष्टी असाव्यात: चूक नेमकी कुठे आहे, तिने काय होईल, आणि काय बदललं की ठीक होईल. ब्लीचच्या उत्तराखाली अशी कॉमेंट चालेल:

‘तिसरी पायरी धोक्याची आहे. ब्लीच आणि ॲसिड असलेला क्लीनर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. दोन्ही कधीच मिसळू नयेत. एका वेळी एकच वापरावा, आणि दुसरा वापरण्याआधी फरशी भरपूर पाण्याने धुऊन घ्यावी. ही पायरी बदललीत तर मी उणे मत काढून घेईन. पहिल्या दोन पायऱ्या उपयोगी आहेत.’

‘अहो, जीव घ्याल कुणाचा तरी! माहिती नसेल तर लिहू नये माणसाने’ ही कॉमेंटही रास्त रागातून येते. पण तिच्यात तिसऱ्या माणसाला काय मिळालं? कुठली पायरी, कशामुळे, काय करायचं, यातलं काहीच नाही. लिहिणाराही पायरी बदलायच्या ऐवजी स्वतःचा बचाव करायला लागतो, आणि चर्चा क्लोरीनवरून संस्कारांवर जाते.

शब्द निवडताना एक साधी तपासणी करा: वाक्याचा कर्ता ‘तुम्ही’ आहे की ‘ही पायरी’, ‘हा आकडा’, ‘हा कोड’? कर्ता ‘तुम्ही’ असेल तर वाक्य फिरवून लिहा. ‘तुम्ही चुकीचं सांगताय’ पेक्षा ‘हा आकडा दोन हजार एकोणीसच्या नियमाचा आहे, नंतर नियम बदलला’ हे वाचणाऱ्याच्या कामाचं. ‘मी डाउनव्होट दिलाय’ हे जाहीर करण्याचीही गरज नसते. त्याने कॉमेंटचं वजन वाढत नाही आणि सूडाला पत्ता मात्र मिळतो. मत काढून घेण्याचं आश्वासन द्यायचं असेल तेवढंच सांगा.

खरेदी-विक्रीतला निगेटिव्ह

इथे पैसे गुंतलेले असतात, म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी समोरच्याला लिहून कळवा, फोटोसकट, संकेतस्थळाच्या आतल्याच मेसेजमध्ये. बाहेरच्या चॅटवर झालेलं बोलणं तक्रार गेली की पुरावा म्हणून बघितलं जाईलच असं नाही. उत्तरासाठी ठरावीक मुदत द्या आणि ती मेसेजमध्येच लिहा. तीन ते पाच दिवस पुरतात. मात्र फीडबॅक देण्याची संकेतस्थळाची मुदत कधी संपते ते आधी बघून ठेवा, कारण ‘उद्या पाठवतो’ करत ती मुदत ओलांडायला लावणारे विक्रेते असतात.

निगेटिव्ह लिहिताना व्यवहाराची पावती लिहिल्यासारखं लिहा. ‘वर्णनात बॅटरी नवीन असं होतं. आलेल्या फोनची बॅटरी हेल्थ ७८ टक्के. ३ तारखेला फोटो पाठवून विचारलं, ९ तारखेपर्यंत उत्तर नाही.’ एवढंच. काय कबूल केलं होतं, काय आलं, कधी विचारलं, पुढे काय झालं. ‘फ्रॉड’, ‘चोर’ हे शब्द घालू नका. फसवायचा हेतू होता हे तुम्हाला सिद्ध करता येत नाही, बॅटरी ७८ टक्के आहे हे येतं. वाचणारा निष्कर्ष स्वतः काढतो, आणि त्याने स्वतः काढलेला निष्कर्ष जास्त टिकतो.

कुणाच्या हातातली गोष्ट होती हेही वेगळं करा. पार्सल वेळेवर रवाना झालं आणि वाटेत कुरिअरकडे अडकलं, तर ट्रॅकिंगवर तारखा दिसतात. रवानगीची तारीख कबूल केल्याप्रमाणे असेल तर विक्रेत्याला निगेटिव्ह नको. खोका फाटका आला तर मात्र आतलं पॅकिंग बघा. ते विक्रेत्याने केलेलं असतं.

‘पैसे परत करा, नाहीतर निगेटिव्ह देतो’ असं कधीही लिहू नका. मागणी रास्त असली तरी. ईबे या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर फीडबॅकचा धाक दाखवून जादा काही उकळण्याला नियमानेच बंदी आहे, आणि असं लिहिलेला मेसेज दिसला की पुढे तुमचा खरा निगेटिव्हही काढला जाऊ शकतो. रिफंडची मागणी तक्रार विभागात, अनुभव फीडबॅकमध्ये. दोन्ही मिसळले की दोन्हींचं वजन जातं.

सुडाची भीती हे या क्षेत्रातलं सगळ्यात जुनं दुखणं. ईबेवर फीडबॅकची सोय १९९६ पासून आहे आणि सुरुवातीला खरेदीदार आणि विक्रेता दोघेही एकमेकांना निगेटिव्ह देऊ शकत. मग झालं असं की खरेदीदाराने निगेटिव्ह दिला की विक्रेत्याकडून लगेच परतफेड व्हायची, त्यामुळे खरेदीदार गप्प बसू लागले आणि पॉझिटिव्ह आकड्यांना अर्थ उरेना. २००८ मध्ये ईबेने विक्रेत्यांचा निगेटिव्ह आणि न्यूट्रल देण्याचा हक्कच काढून घेतला. घरं-खोल्या भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीने २०१४ मध्ये दुसरी वाट धरली: पाहुणा आणि यजमान दोघांनी लिहून होईपर्यंत किंवा १४ दिवसांची मुदत संपेपर्यंत एकाचं रिव्ह्यू दुसऱ्याला दिसत नाही. तुमच्या समुदायात अशी सोय नसेल आणि तुम्ही सांभाळणारे असाल, तर सगळ्यात आधी हीच आणा. बाकी नियम नंतर.

बिघडतं कुठे

स्टॅनफर्डच्या संशोधकांचा सहभाग असलेल्या २०१४ च्या एका अभ्यासात बातम्यांच्या चार समुदायांतल्या कॉमेंट तपासल्या होत्या. ज्यांना उणे मतं पडली ते गप्प बसले नाहीत. त्यांनी पुढे जास्त लिहिलं, त्याचा दर्जा आणखी घसरला, आणि तेही इतरांना जास्त उणे मतं देऊ लागले. म्हणजे ‘धडा शिकवायला’ दिलेला डाउनव्होट धडा शिकवत नाही, तो पसरतो. मजकूर खाली ढकलणं एवढंच त्याला जमतं, आणि तेवढ्यासाठीच तो वापरावा. माणूस बदलायचा असेल तर शब्द लागतात.

‘सायन्स’मध्ये २०१३ साली आलेल्या एका प्रयोगात कॉमेंटना मुद्दाम पहिलं मत दिलं गेलं. ज्यांना पहिलं मत चांगलं मिळालं त्यांचा शेवटचा स्कोअर सरासरी २५ टक्क्यांनी वर गेला. ज्यांना वाईट मिळालं त्यांना मात्र इतर वाचकांनी सावरून घेतलं. यातून दोन गोष्टी घ्यायच्या. ब्लीचच्या उत्तरावरचे ते दोन अपव्होट कुणी पडताळून दिलेत असं धरून चालू नका. एकाचं बघून दुसऱ्याने दिलेला असू शकतो. आणि नव्या पोस्टवर तुमचं मत पहिलं-दुसरं असेल तर ते जास्त जपून द्या, कारण मागून येणारे ते बघूनच वाचायला सुरुवात करतात. शक्य असेल तर स्कोअर न बघता आधी मजकूर वाचा.

एखाद्याचं प्रोफाइल उघडून त्याच्या पोस्ट एकामागून एक उणे करत जाणं, हा तर सरळ गैरवापर. एक वाईट उत्तर सापडलं म्हणून ‘बाकीचीही बघू’ असं वाटणं स्वाभाविक आहे, आणि हेतू शुद्धही असू शकतो. पण बाहेरून ते सूडासारखंच दिसतं आणि यंत्रणाही तसंच धरते. स्टॅक ओव्हरफ्लोवर एकाच सदस्याला थोड्या वेळात दिलेली अशी मतं ओळखून आपोआप रद्द केली जातात. काही जुन्या फोरम प्रणालींत तर एकाच सदस्याला पुन्हा गुण देण्याआधी इतर काही जणांना द्यावे लागतात. कुणाच्या अनेक पोस्टमध्ये खरंच तोच धोका असेल, तर चार दुवे एकत्र करून मॉडरेटरला पाठवा.

स्पर्धेतला डाउनव्होट ओळखायला कठीण. आपलं उत्तर वर यावं म्हणून शेजारच्या बऱ्या उत्तराला उणे करणारे असतात, आणि पुष्कळदा त्यांना स्वतःलाही ते तसं वाटत नाही. ‘माझंच बरोबर’ अशी त्यांची खरीखुरी समजूत असते. त्याच प्रश्नावर तुमचं उत्तर असेल तर शेजाऱ्याला उणे मत फक्त धोक्याच्या किंवा धडधडीत चुकीच्या मजकुरासाठी द्या, आणि कॉमेंट नक्की टाका.

दुवा दुसरीकडे टाकून ‘जाऊन उणे करा’ म्हणणं जवळपास सगळ्या समुदायांत नियमाविरुद्ध आहे. ‘बघा काय लिहिलंय’ इतकंच म्हणून दुवा टाकला तरी परिणाम तोच होतो. एखादं चुकीचं उत्तर दाखवून चर्चा करायची असेल तर मजकूर उद्धृत करा, लिहिणाऱ्याचं नाव आणि दुवा वगळा.

तुम्हाला निगेटिव्ह मिळाला तर

अर्धा तास काही लिहू नका. मग पोस्ट अनोळखी माणसाच्या नजरेने वाचा आणि कुठली ओळ चुकीची समजली जाऊ शकते ते बघा. कॉमेंट असेल तर मुद्दा तपासा. बरोबर असेल तर पोस्ट दुरुस्त करा आणि ‘तिसरी पायरी बदलली, धन्यवाद’ एवढं लिहा. कॉमेंट नसेल तर ‘कुणी दिला, हिंमत असेल तर समोर या’ असं लिहिण्यात काही हाती लागत नाही. ‘यात काही चूक असेल तर सांगा, सुधारतो’ असं एकदाच विचारा. एकच उणे मत असेल आणि मजकूर तपासून बरोबर वाटला, तर तसाच राहू द्या.

मागे घेणं

हा भाग बहुतेक जण करतच नाहीत. दिलेला डाउनव्होट पोस्ट सुधारल्यावरही तसाच राहिला, तर तिसऱ्या माणसाला तो खोटी माहिती देत असतो: आता सुरक्षित झालेल्या उत्तरावर धोक्याची पाटी लटकलेली असते, आणि लिहिणाऱ्याला सुधारण्याचं काही फळ मिळत नाही. ‘दुरुस्त करा, मत काढतो’ असं लिहून न काढणं तर शब्द मोडणं झालं.

स्टॅक ओव्हरफ्लोवर मत पाच मिनिटांनी कुलूपबंद होतं आणि पोस्टमध्ये काही संपादन झालं की पुन्हा उघडतं. म्हणजे सुधारणा झाली की मत काढायची वाट मोकळी होते, पण ते काम तुम्हालाच करावं लागतं. पाच मिनिटांच्या आत स्वतःची चूक कळली तर तेव्हाच उलटवा. नंतर कळली आणि पोस्टवर संपादन झालेलं नसेल, तर केवळ कुलूप उघडायला एखादा स्वल्पविराम बदलू नका. त्या पोस्टमध्ये खरंच सुधारण्याजोगं काही असेल, एखादा तुटलेला दुवा किंवा अशुद्ध शब्द, तर तो नीट करा आणि मग मत काढा.

लक्षात राहावं म्हणून पोस्ट सेव्ह करून ठेवा किंवा ‘फॉलो’ करा, म्हणजे संपादन झालं की सूचना येते. आठवड्यातून एकदा आपल्या मतांची यादी उघडा. बऱ्याच संकेतस्थळांवर ती प्रोफाइलमध्ये असते आणि फक्त तुम्हालाच दिसते. आठवड्याची उणे मतं सलग वाचली की आपला कल दिसतो: एकच नाव पुन्हा पुन्हा येतंय का, रात्री उशिरा दिलेली जास्त आहेत का, एखाद्या विषयावर फक्त एकाच बाजूला उणे पडतंय का. असं दिसलं तर ती मतं पुन्हा उघडून, मजकूर परत वाचून एकेक तपासा.

ब्लीचच्या उत्तरात तिसऱ्या पायरीच्या जागी ‘दोन्ही कधीच मिसळू नका, एकाच क्लीनरने घासून भरपूर पाण्याने धुवा, खिडकी उघडी ठेवा’ असं आलं की तुमचं उणे मत काढा. नंतर तुमची कॉमेंटही काढून टाका, म्हणजे नव्याने वाचणाऱ्याला आता नसलेल्या चुकीबद्दलचा इशारा वाचावा लागणार नाही.